खिचडीची पडताळणी

खोट्या बातम्यांचा सुळसुळाट फार झाला आहे, तरी प्रत्येक हायस्कूलनं एक शिक्षक लातूरला ‘माध्यम साक्षरता’ प्रशिक्षणासाठी पाठवावा, असं वरून पत्र आलं. मुरुडच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावच्या जिल्हा परिषद हायस्कूलात असं पत्र आलं की सगळ्या गुरुजनांना एकदम कामं आठवतात. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागं पडला होता. विज्ञानाच्या सरांची सोयाबीन काढणीला आली होती. इंग्रजीच्या सरांना एसटीत मळमळत होतं. मुख्याध्यापक विरूपाक्ष सरांनी सगळ्यांची दुःखं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "सोनकांबळे मॅडम जातील. मराठी काय, पोरांना घरूनच येते."

अशा रीतीनं पंचशीला सोनकांबळे मॅडम माध्यम साक्षरतेच्या तज्ज्ञ झाल्या.

प्रशिक्षण उत्तम झालं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर परदेशातल्या निवडणुकांचे बनावट फोटो दाखवले, आणि ते पाहता पाहता निलंग्याचे एक सर बसल्या जागी घोरायला लागले. त्यांना हलवून जागं केलं, कारण ‘लक्षपूर्वक ऐकताना प्रशिक्षणार्थी’ असा फोटो वर पाठवायचा होता. शेवटी सगळ्यांचा मिळून ‘माध्यम साक्षर शिक्षक’ नावाचा ग्रुप झाला. त्यावर पहिला संदेश आला तो आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर मिळाल्याचा, आणि प्रमाणपत्र हातात घेऊन बसलेल्या गुरुजनांनी त्यावर टाळ्यांचा पाऊस पाडला. पंचशीला मॅडमनी तेवढ्यात ग्रुपचा आवाज बंद केला.

तरी त्या रिकाम्या हातानं आल्या नाहीत. पाच प्रश्न घेऊन आल्या. हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? पुरावा काय? यातून काय वगळलंय? आणि यात कुणाचा फायदा? नववीच्या फळ्यावर त्यांनी ते लिहिले, तर पोरं अशी खुलली की विचारू नका. मोठ्या माणसांवर अविश्वास दाखवायची परवानगी शाळेकडून मिळण्याची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. आठवड्यात तक्रारी यायला लागल्या. एकाच्या बापानं सांगितलं, की आपण लहानपणी अनवाणी शाळेत जायचो असं म्हटलं तर पोरगं पुरावा मागतं.

सगळ्यात पुढं होती ऋतुजा. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष रामकिशनराव यांची ही नात. बोलायला फटकळ, डोक्यानं तल्लख, आणि आबांची इतकी लाडकी की दहावीच्या आधीच हातात चांगला मोबाईल.

आता शाळेच्या खिचडीकडं वळायला हवं, कारण घोडं तिथंच पेंड खात होतं. पाचवी ते आठवीच्या पोरांना दुपारी शाळेत खिचडी मिळते. आधीची स्वयंपाकीण लेकाकडं पुण्याला गेली, आणि जूनमध्ये तिच्या जागी सरजाबाई लागली. लागली म्हणजे नियमानंच लागली. शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आईला प्राधान्य द्यायचं असतं, सरजाबाईची महामाया सहावीत होती, आणि तिच्याखेरीज कुणाचा अर्जच नव्हता. नवरा वारलेला. हे काम मिळायच्या आधी ती दर वर्षी लेकीला बरोबर घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जायची, आणि लेकीची शाळा दर वर्षी दिवाळीला मोडायची. यंदा पहिल्यांदा ती मोडली नव्हती.

सरजाबाई बौद्ध वस्तीतली. गावानं यावर चकार शब्द काढला नाही. गाव आता सुधारलेलं आहे, हल्ली कुणी जात काढत नाही, हल्ली फक्त पोट दुखतं. जूनपासून काही घरांतल्या पोरांची पोटं खिचडीनं दुखायला लागली. कालपर्यंत हीच पोरं कच्च्या कैऱ्या आणि हिरव्या चिंचा पचवत होती. पंचशीला मॅडमना या दुखण्याची चांगली ओळख होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या डब्यातलं लोणचं हक्कानं उचलणाऱ्या विरूपाक्ष सरांना, मॅडमनी पुरणपोळी आणली की नेमकी त्याच दिवशी ॲसिडिटी व्हायची. मॅडम हसून म्हणायच्या, "जपा सर." नऊ वर्षं त्या हसत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना ते लागत होतं.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि तो व्हिडिओ आला. एका तळहातावर कच्चा तांदूळ, त्यात थोडे वेगळे, जाडसर पिवळे दाणे. मागं कुणाच्या तरी मरणाला शोभेलसं संगीत, आणि वर तांबड्या अक्षरात ‘शाळेच्या खिचडीत प्लास्टिकचा तांदूळ. स्वयंपाकिणीचा प्रताप. आपली लेकरं वाचवा.’ दुपारपर्यंत तो गावात फिरला, संध्याकाळी मुरुडच्या बाजारात पोचला. दुसऱ्या दिवशी हरिओम माईक घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर. हरिओम एरवी आधार कार्डाच्या दुरुस्त्या करतो आणि फावल्या वेळात ‘दणका लाईव्ह’ नावाच्या वाहिनीचा संपादक असतो. गावात संतापाची लाट उसळल्याचं त्यानं सांगितलं. लाटेत त्या वेळी तीन माणसं आणि एक शेळी होती.

त्या दिवशी निम्मी पोरं घरून डबे घेऊन आली. आता पोट दुखायचीसुद्धा गरज राहिली नव्हती. सरजाबाईनं उरलेलं पातेलं झाकून ठेवलं आणि पंचशीला मॅडमना गाठलं.

"म्याडम, तांदूळ काय मी घरून आणते का? सरकारच्या पोत्यातला काढते, धुते अन् टाकते. मी कामून प्लास्टिक घालंन? माझी महामाया बी तेच खाती."

"मला माहीत आहे, मावशी."

"तुमाला माहीत असून काय उपेग? शनवारी मीटिंग हाय. रामकिशनराव म्हणून राहिलेत, बाई बदलायची. काम गेलं की मला कोयता घ्यावा लागंल, अन् पोरगी काय एकटी घरी ठिवता येती का?"

मॅडमनी तिला धीर दिला नाही. धीर ही त्यांच्याकडं फार स्वस्तात मिळणारी वस्तू नव्हती. त्या सरळ नववीच्या वर्गात गेल्या, व्हिडिओ दाखवला आणि फळ्यावरच्या पाच प्रश्नांकडं बोट केलं. "शनिवारपर्यंत."

पोरं अशी कामाला लागली, जशी वार्षिक परीक्षेलाही कधी लागली नव्हती. कोठीतल्या पोत्यावर काय छापलंय ते आधी वाचलं. त्यावर ठळक लिहिलं होतं की हा पोषणतत्त्वं मिसळलेला तांदूळ आहे. पोतं महिनोन्महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं. समितीनं येऊन त्याच्यासोबत फोटोही काढले होते, वाचायला तेवढा कुणाला वेळ झाला नव्हता. मग पोरांनी शोधून काढलं, की पिवळे दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात, त्यात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली असतात, आणि साध्या तांदळात ते थोडे थोडे मिसळतात. दाणे चिमट्यात धरून जाळूनही पाहिले. प्लास्टिक वितळून ठिबकलं असतं. हे दाणे करपले आणि वर्गभर भाकरी जळाल्याचा वास सुटला.

राहिला प्रश्न पहिला, हे कोण सांगतंय. ज्याला त्याला ‘तुम्हाला कुणी पाठवला’ असं विचारत पोरं मागं मागं गेली. सगळ्या वाटा ‘गावकरी मंडळ’ नावाच्या ग्रुपवर येऊन थांबल्या, आणि तिथं तो पहिल्यांदा टाकला होता रामकिशनरावांनी. पोरांनी ऋतुजाकडं पाहिलं. ऋतुजानं वहीकडं पाहिलं. अध्यक्षांना कुणीतरी पाठवला असेल, असं म्हणून वर्गानं तिथंच आवरतं घेतलं.

वर्ग सुटल्यावर ती मागं राहिली.

"मॅडम, व्हिडिओ माझाच हाय."

मॅडम टेबलावरची पुस्तकं उचलत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली. ऋतुजानं मोबाईलवर मूळ व्हिडिओ लावला. तोच तळहात, तेच दाणे. संगीत नाही, तांबडी अक्षरं नाहीत. तिचाच आवाज होता, ‘आबा, आमच्या शाळंच्या तांदळात हे पिवळे दाणे कसले हायत? तुमी समितीत हाव ना, सांगा की.’

"मी फकस्त आबालाच पाठवला. दुसऱ्या कुणालाच न्हाई. माझ्या बहिणीची शप्पथ." तिनं तो तिथंच मॅडमच्या मोबाईलवर पाठवून दिला. "माझा आवाज काढून टाकला, मॅडम. मी इचारलं होतं."

पंचशीला मॅडमना एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. पहिला आनंद झाला, कारण सरजाबाईला वाचवायला याहून भक्कम पुरावा त्रिभुवनात मिळणार नव्हता. आणि लगेच भीती वाटली. बातमीचा स्रोत शोधून उघड करावा, असं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत चांगलं जाड टायपात छापलं होतं. स्रोताला रात्री कुणाच्या घरी जेवायचं असतं, हे त्यात कुठं नव्हतं.

"हे तू कुणापुढं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, तुमीच तर..."

"मी शिकवलं ते खरं आहे. पण तुला त्याच घरात राहायचंय. दहावीच्या आत शाळेतून काढून घरी बसवलं तर मी काय करणार? तांदूळ चांगला आहे एवढं सिद्ध झालं की पुरे."

एवढं सिद्ध झालं की पुरे. नऊ वर्षं या गावात नोकरी करून बाईंना अजून असं वाटत होतं.

शनिवारी सगळी समिती सतरंजीवर बसली. विरूपाक्ष सर ठरावाचं रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. सरजाबाईला आत बोलावलं नव्हतं, म्हणून ती दारातच उभी होती. नववीच्या पोरांनी पोत्यावरचं वाचून दाखवलं, दाणे चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळले. भाकरी जळाल्याच्या वासानं एका सदस्याला भूक लागली. रामकिशनरावांचा ऊर भरून आला.

"वा. पोरांनी नाव काढलं शाळंचं. तांदूळ एकदम चांगला हाय, माझी खात्री पटली. मॅडमच्या अभिनंदनाचा ठराव घ्या, सर." सरांनी घेतला. "बरं, आता दुसरा विषय. बाई बदलायचा."

"कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

"लोकाच्या भावना दुखावल्या ना, मॅडम."

"त्या तांदळाबद्दल दुखावल्या होत्या. तांदूळ तर चांगला निघाला."

"निघाला. पण भावना एकदा दुखावल्या की त्यास्नी माघारी कसं घेणार? ते काय पोतं हाय का, परत पाठवायला?" रामकिशनराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "बाई वाईट हाय असं आमी म्हणतच न्हाई. बाई लई चांगली. फकस्त दुसरीकडं चांगली ऱ्हावी."

सदस्यांनी माना डोलावल्या. मॅडमच्या पर्समध्ये मोबाईल होता, मोबाईलमध्ये ऋतुजानं पाठवलेला मूळ व्हिडिओ होता. त्यांचा हात पर्सपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्यांना स्वतःचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा हातात पुरावा होता आणि तो काढता येत नव्हता.

मागं पोरांच्या घोळक्यातून ऋतुजा उठली.

"आबा, मला एक इचारायचं हाय."

"बोल की, बाळा."

"मी तुमाला मोबाईलवर एकट्यालाच इचारलं होतं, हे पिवळे दाणे कसले म्हणून. तुमी अजून सांगितलंच न्हाई."

रामकिशनरावांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. "घरी बोलू आपण."

"घरीच इचारलं होतं की. माझं इचारणं काढून टाकलं अन् गावाला दाणे दाखवले." ती खाली बसली नाही. "तांदळात कायी न्हाई, हे तर आज समद्यांनी बघितलं. मग कशात हाय, तेवढं सांगा."

‘गावकरी मंडळ’मधला तो व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी पुढं पाठवला होता, ते सगळे सतरंजीचे दोरे मोजायला लागले. कुणाला काय कळायचं राहिलं नव्हतं. आणि नेमक्या त्या वेळी विरूपाक्ष सरांनी घसा खाकरला. सर शूर नव्हते, हे आधीच सांगायला हवं. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला विरोध केला नव्हता, फॅनच्या वाऱ्यालासुद्धा. पण कोऱ्या जागेवर सही करायची म्हटली की त्यांचा जीव अर्धा व्हायचा.

"अध्यक्षसाहेब, ठरावात कारण काय लिहू?"

"लिहा की काहीतरी."

"काहीतरी असं नाही लिहिता येत. बाईला काढायचं तर कारण लागतं. उद्या वरून चौकशी लागली, कोर्टकचेरी झाली, तर खाली माझी सही. तांदूळ तर चांगला निघाला. मग काय लिहू?"

पारावर, हॉटेलात, शेताच्या बांधावर हे कारण जूनपासून मोकळेपणानं बोललं जात होतं. आता सरांचं पेन कागदावर टेकलं होतं आणि एकाही मर्दाच्या तोंडून ते फुटेना.

"लिवा की," दारातून सरजाबाई म्हणाली. "मी बी जूनपासून तेच इचारून राहिले. लिवा, मलाबी कळंल."

रामकिशनराव उठले, त्यांनी धोतराचा सोगा झटकला. "विषय तहकूब. चहा मागवा."

चहा आला, लोक पांगले. सरजाबाई कपबशा गोळा करत मॅडमजवळ आली. काम टिकलं होतं, तरी तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं चिन्ह नव्हतं.

"काम ऱ्हायलं, म्याडम. पण खाणार कोण?"

पाच प्रश्नांत हा नव्हता, हा सहावा होता. पंचशीला मॅडम बसची वाट बघत फाट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा तोच डोक्यात घोळत होता. व्हिडिओ पाहून गावाचा विश्वास बसला, असं त्या इतके दिवस समजत होत्या. विश्वास जूनमध्येच बसलेला होता. व्हिडिओ नुसता त्याच्या मागून आला. मग तो खोटा ठरवून बदलणार काय होतं? लातूरच्या घरी पोचेपर्यंत त्यांना रडू येत होतं, आणि शेजारची बाई ‘बस लागते का हो तुम्हाला’ म्हणून खिडकीची जागा देऊ करत होती.

सोमवारी ऋतुजा शाळेत आली ती मोबाईलशिवाय. मोबाईलनं पोरी बिघडतात असा निष्कर्ष आबांनी काढला होता, आणि गावानं तो पुराव्याशिवाय मान्य केला होता. तिची शाळा बंद करायची भाषाही झाली होती. पण सगळ्यांसमोर विचारणाऱ्या नातीला घरी बसवलं तर लोक कारण विचारतील, आणि कारणांचा रामकिशनरावांनी शनिवारपासून चांगलाच धसका घेतला होता. मोबाईल गेला, तोंड राहिलं.

सरजाबाईनं त्या दिवशी अंदाज घेऊन तांदूळ काढला. जेवढी पोरं गेल्या आठवड्यात खायला आली होती, तेवढ्यांपुरताच. गाव आपल्याकडं कसं बघतं याचं माप एका बाईनं पातेल्यात घेतलं.

जेवणाची घंटा झाली. आधी नेहमीची पोरं रांगेत आली. मग पाचवीतला एक आला, ज्याचं पोट जूनपासून दुखत होतं. मग त्याचे दोन दोस्त. मग डबे दप्तरातच ठेवून सहावीतल्या पोरांची झुंडच आली, आणि रांग हातपंपापर्यंत गेली. मॅडमनी एकाला धरलं.

"काय रे, आज डबा नाही का?"

"पिवळा दाणा पाहिजे, मॅडम. ज्याला पिवळा दाणा घावतो ना, तो कबड्डीत पडत न्हाई. लोखंड असतं त्याच्यात."

"कोण सांगतंय हे?"

"समदे म्हणून राहिलेत."

शिजल्यावर तो दाणा ओळखूच येत नाही, त्यामुळं शोधायचा तर ताट चाटूनपुसून खावं लागत होतं. मॅडमनी नववीच्या खिडकीकडं पाहिलं. ऋतुजा फळ्याकडं बघत होती, इतक्या एकाग्रतेनं, की फळ्यावर काही लिहिलेलं असतं तर शोभलं असतं.

खोटी बातमी होती. धडधडीत खोटी. ना स्रोत, ना पुरावा, आणि मिनिटामिनिटाला पसरत होती. जिल्ह्याच्या प्रमाणपत्रधारक तज्ज्ञ पंचशीला सोनकांबळे यांनी पाचही प्रश्न गिळले आणि एका पोराच्या हातात ताट दिलं.

दुपारी पातेलं खरवडून झालं, तरी काही पोरं ताटं घेऊन उभीच होती. ती उपाशी राहिल्याची तक्रार शाळा सुटायच्या आत अध्यक्षांकडून आली, आणि विरूपाक्ष सरांचा जीव भांड्यात पडला. शेवटी एक असं कारण मिळालं होतं, जे बिनधोक लिहिता येत होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच सरजाबाईच्या हातात सही-शिक्क्याची नोटीस ठेवली.

ती नोटीस घेऊन सरजाबाई मॅडमकडं आली. सरकारी मराठी तिला कळेना. मॅडमनी वाचलं. शालेय पोषण आहार शिजवताना आवश्यक प्रमाणाकडं दुर्लक्ष झाल्यानं विद्यार्थ्यांना खिचडी कमी पडली, तरी आपला खुलासा सादर करावा.

"म्हंजे काय, म्याडम? काढलं का मला?"

"नाही, मावशी. ताकीद आहे. पोरांना खिचडी कमी पडली, असं लिहिलंय."

सरजाबाईनं नोटीस परत हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मॅडमकडं दिली. मग पदर तोंडाला लावून खाली बसली, आणि म्हणाली, "फिरून एकदा वाचा. दमानं वाचा."